बॅकयार्ड कॅन

समोरच्या फुटपाथवरचं वॉटलचं झाड या आठवड्यात फुललं. पान दिसू नये इतके पिवळे, बारीक, लोकरीसारखे गोळे. इथला, ऑस्ट्रेलियातला ऑगस्ट म्हणजे हिवाळ्याचा शेवट. उन्हाला रंग येतो, ऊब येत नाही. सकाळी गाडीच्या काचेवर पिवळी पूड बसलेली असते. ट्रेनमध्ये लोक शिंकतात, टिश्यू शोधतात, आणि आता कुणी कुणाकडे वळून बघत नाही. मी अजून बघते. एका हिवाळ्यात शिंक ऐकू आली की सगळा डबा श्वास धरून बसायचा, ते माझ्या अंगातून गेलेलं नाही.

तो हिवाळा मला डोळ्यांनी फारसा आठवत नाही. बघायला होतंच काय? एक खिडकी, खाली रिकामा रस्ता, पलीकडे असंच एक झाड. आठवतं ते सगळं कानांना. सकाळी अकराला प्रत्येक फ्लॅटमधून एकाच वेळी ऐकू येणारी सरकारी पत्रकार परिषद. छतावर घिरट्या घालणारं पोलिसांचं हेलिकॉप्टर. काकाकुव्यांचा कर्कश गोंधळ. त्यांना आमच्यासारखी घरापासून पाच किलोमीटरची मर्यादा नव्हती. आणि भिंतीपलीकडून येणारा नोहेआचा आवाज. खरं तर दोन आवाज.

नोहेआ माझी फ्लॅटमेट, हवाई बेटांवरची. पॅरामॅटा स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आम्ही दोघींनी दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला होता. कामालाही एकाच ठिकाणी होतो, दुसऱ्यांच्या हेल्पलाइन चालवणाऱ्या एका कॉल सेंटरमध्ये. त्या वर्षी आमच्याकडे यायचे ते फोन टेस्ट कुठे होते, लशीची अपॉइंटमेंट कशी घ्यायची, आयसोलेशनमध्ये काय चालतं आणि काय नाही, असले. लॉकडाऊन लागल्यावर दोघी घरून काम करत होतो. ती तिच्या खोलीत फोन घ्यायची. मी माझ्या खोलीत रेकॉर्ड केलेले फोन ऐकायचे आणि मार्क द्यायचे.

आधी मीही फोनच घ्यायचे. मग आमची टीम लीडर ट्रेसी म्हणाली की तुझं इंग्लिश न्यूट्रल आहे, तू क्वालिटीला ये. मला त्याचा किती आनंद झाला होता, हे आज लिहितानाही कसंतरी होतं. न्यूट्रल. म्हणजे ऐकून कळू नये की ही कुठली. बालवर्गापासून माझ्यावर जे काम चाललं होतं, ते पूर्ण झाल्याचा तो दाखला होता. माझ्यासमोर एक फॉर्म असायचा. अभिवादन केलं का, नाव विचारलं का, ठरलेली वाक्यं वापरली का, भाषा व्यावसायिक होती का, समारोप नीट झाला का. प्रत्येकापुढे हो किंवा नाही. खाली शेरा लिहायला एक चौकोन.

नोहेआचा पहिला आवाज या फॉर्ममधला होता. फोनवर ती नोरा व्हायची. नोराचं प्रत्येक वाक्य इस्त्री केलेलं असायचं. शेवटी जरासं वर उचललेलं, हसरं, कुणाचंच नसलेलं. सकाळी नऊपासून भिंतीपलीकडून नोरा ऐकू यायची.

हेडसेट काढला की दुसरा आवाज सुरू व्हायचा. तो जाड होता, घशातून यायचा आणि त्याला घाई नव्हती. स्वयंपाकघरात येऊन ती खिडकीवरची वाफ पुसत म्हणायची, "हो, सो कोल्ड, सिस्. यू वेन ईट ऑलरेडी?" जेवलीस का, असं. हे इंग्लिश नाही आणि इंग्लिश नाही असंही नाही. हवाईत याला पिजिन म्हणतात. उसाच्या मळ्यांवर जपान, चीन, पोर्तुगाल, फिलिपिन्स असे कुठून कुठून मजूर आणले गेले. त्यांना एकमेकांशी आणि बेटांवरच्या मूळ लोकांशी बोलायला जे काही लागलं, ते त्यांनी जमवलं. त्यांची मुलं तेच बोलत मोठी झाली, आणि ती घरची भाषा झाली. मी एकदा तिला म्हटलं की म्हणजे हे मोडकं इंग्लिश. ती भात कालवत होती. मोडलेली वस्तू लोक टाकून देतात, ती म्हणाली. आम्ही चार पिढ्या वापरतोय.

तिची आजी सहा वर्षांची असताना तिला चांगल्या शाळेत घालायला नेलं होतं. प्रवेशासाठी तोंडी परीक्षा होती: एक चित्र दाखवायचं आणि मुलाने त्याबद्दल बोलायचं. आजी भरभरून बोलली. घरी बोलायची तशी. त्यामुळे तिला घेतलं नाही. तिची मुलगी, म्हणजे नोहेआची आई, पुढे शिक्षिका झाली आणि घरात कुणी पिजिन बोललं की डोळे वटारायला लागली. आणि तरी, नोहेआ सांगायची, आमच्याकडे ज्याला पिजिन येत नाही तो परका, आणि ज्याला फक्त पिजिनच येतं तो अडाणी. मधोमध उभं राहता आलं पाहिजे. हे ती हसत सांगायची. मी चहाचा कप दोन्ही हातांत धरून ऐकत राहायचे. माझ्या आईबद्दल मी तिला काही सांगितलं नाही. मी कुणालाच काही लवकर सांगत नाही.

आई अमळनेरजवळच्या एका खेड्यातली. लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा तिच्या तोंडात अहिराणी होती. माले, तुले, कसं शे. सोसायटीतल्या बायका तिच्याशी फार गोड वागायच्या आणि ती जिन्यावरून खाली गेली की आपसांत तिची वाक्यं पुन्हा म्हणायच्या. बाबाही खानदेशातलेच, पण त्यांनी नोकरीबरोबर पुस्तकी मराठी अंगावर चढवली होती, कडक कॉलरच्या शर्टासारखी. माझ्या शाळेच्या प्रवेशाला आईवडिलांची मुलाखत असायची. मुलाखत इंग्लिशमध्ये. बाबांनी आईऐवजी काकूला नेलं. काकू कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली होती. प्रिन्सिपलच्या खोलीत मी काकूच्या मांडीवर बसले, आणि आई गेटबाहेरच्या बाकावर माझी पाण्याची बाटली घेऊन बसली. मला प्रवेश मिळाला. यात कुणाला काही वावगं वाटलं असेल असं मला वाटत नाही. आईनेच पेढे आणले होते.

माझ्या दहाव्या वाढदिवसाला शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. मी त्यांना नक्कल करून दाखवली. कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून, आईच्या आवाजात म्हटलं, "काय करी राह्यनी वं माय?" आई मला दिवसातून दहादा हेच विचारायची. पोरी हसून गादीवर लोळल्या. मी मागे वळले तर आई दारात, हातात सँडविचचा ट्रे. तीही हसली. तिचं ते हसणं मला नेमकं आठवतं. आधी तोंड हसलं, मग डोळे इकडेतिकडे गेले, ट्रे कुठे ठेवायचा ते शोधत असल्यासारखे.

त्यानंतर ती माझ्याशी अहिराणीत बोलल्याचं मला आठवत नाही. ती काही रुसली नाही. पुण्याची मराठी तिने शिकून घेतली, न आणि ण सांभाळून, आणि माझ्याशी ती तशीच बोलायला लागली, पाहुण्यांशी बोलावं तशी.

त्या हिवाळ्यात दुपारी तीनला मी तिला फोन करायचे. पुण्यात तेव्हा सकाळचे साडेदहा. सोसायटीतल्या बायकांनी घरबसल्या इंग्लिश बोलण्याचा ऑनलाइन क्लास लावला होता आणि आईनेही नाव घातलं होतं. फोन उचलला की ती आधी तीन वाक्यं इंग्लिशमध्ये बोलायची. हाऊ आर यू. हिअर ऑल आर फाइन. हॅव यू टेकन युअर लंच. मग श्वास सोडून मराठीवर यायची. मी म्हणायचे, छान बोलतेस गं. आणि मला रडू का येतंय ते मला कळायचं नाही. सीमा बंद होत्या, विमानं बंद होती. मला वाटायचं त्यामुळे असेल.

नोहेआबरोबरचे ते तीनेक महिने मी अजून उलटसुलट करून बघते. फ्लॅटमध्ये एकच हीटर होता. तो आम्ही पाळीपाळीने खोल्यांतून ढकलत न्यायचो. चालायला जायला दिवसाचा ठरावीक वेळ मिळायचा, तेव्हा मास्क लावून नदीकाठाने जायचो. ती डब्यातलं मांस तळून भाताच्या वडीवर ठेवायची आणि त्याला समुद्री शेवाळाचा पट्टा बांधायची. मी मुगाची खिचडी लावायचे. भात दोघींनाही रोज लागायचा. भांडी घासायची तिची पाळी असली की ती म्हणायची, "बमबाय." नंतर, केव्हातरी. मी तिला सांगितलं की हे माझ्या देशातल्या एका शहराचं जुनं नाव आहे, आणि ती सिंकला टेकून इतकी हसली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छतावर ठोकलं.

मी समोरासमोर काही सांगू शकत नाही, म्हणून चिठ्ठ्या लिहायचे. फ्रिजवर चिकटवायचे. काइंडली रिन्स द कप. काइंडली क्लोज द विंडो. शाळेत अर्ज लिहायला शिकवलं तेव्हापासून माझ्या हाताला तो शब्द लागलेला आहे. माझ्या शाळेतल्या सगळ्याच मुलींच्या हाताला असेल. इथे तसं कुणी लिहीत नाही. नोहेआ चिठ्ठी हातात धरून, पाठ ताठ करून, महालातल्या नोकरासारखं वाचून दाखवायची. मग म्हणायची, "सिस्, यू टॉक लाइक वन लेटर." बोलतेस कसली, पत्रच लिहितेस. मला राग यायचा नाही. मला आवडायचं. माझ्या इंग्लिशला कुणीतरी हसत होतं आणि आकाश कोसळत नव्हतं.

हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, आता कळतं: कित्येक वर्षांनी घरात कुणीतरी माझ्याशी आपल्या घरच्या भाषेत बोलत होतं. न सावरता, न झाकता. मी तिला उत्तर द्यायचे ते माझ्या न्यूट्रल इंग्लिशमध्येच, पण ती मात्र बोलायची. तिचं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरअखेर संपत होतं. ते वाढलं नाही तर तिला हे भाडं झेपणार नव्हतं. कॅम्बेलटाउनला मावशीकडे जावं लागलं असतं, जिथे आधीच सात माणसं होती. आम्ही त्याबद्दल फारसं बोलायचो नाही. वाढेल, ट्रेसी म्हणाली होती. फक्त क्वालिटीचे मार्क नीट राहू देत.

समोरचं वॉटल फुलायला लागलं त्या आठवड्यात तिचा एक कॉल माझ्याकडे आला.

फाइलवर एजंटचं नाव नसतं, नंबर असतो. पण पहिल्या शब्दाला मी ओळखलं. नियम असा होता की एजंट ओळखीचा निघाला तर कॉल परत पाठवायचा. एका चौकोनात टिक करायची आणि कारण लिहायचं. दोन मिनिटांचं काम. मी टिक केली नाही, ऐकत राहिले.

फोन करणारी बाई म्हातारी होती, पॅसिफिकमधल्याच कुठल्यातरी बेटावरची, बहुतेक टोंगाची. पश्चिमेकडच्या एखाद्या सबर्बमध्ये एकटी राहत असावी. तिला मेसेज आला होता की चौदा दिवस घरात राहा. त्याआधी दोनदा तिने फोन केला होता आणि दोन्ही वेळा तिला आमचं ठरलेलं वाक्य ऐकवलं गेलं होतं: आपण आपल्या निवासस्थानाच्या हद्दीत राहणे बंधनकारक आहे. तिला हद्द म्हणजे काय ते कळलं नव्हतं. तिने मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत घातले होते, मेसेज यायच्या आधी. मग पाऊस आला, ऊन आलं, पुन्हा पाऊस आला. कपडे दोन दिवस बाहेर होते. दोरी घराची हद्द की बाहेर? वर हेलिकॉप्टर फिरत होतं. ती दार उघडायला घाबरत होती. नोरानेही आधी तेच वाक्य म्हटलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

आणि मग माझ्या हेडसेटमध्ये नोरा थांबली आणि नोहेआ बोलायला लागली.

"ट्राय वेट, आंटी. नो स्केअड. यू ओके." थोडं थांबून, सावकाश, त्या जाड आवाजात: "बॅकयार्ड कॅन, आंटी. क्लोदलाइन कॅन. फ्रंट गेट, नो कॅन. बॅकयार्ड, एनिटाइम कॅन."

म्हातारीने विचारलं, "कॅन?" चालेल, असं.

"कॅन, आंटी."

मग दोघी बोलत राहिल्या. म्हातारी तिच्या तिकडच्या इंग्लिशमध्ये, ही हिच्या. बाईने फोन तसाच हातात धरून मागचं दार उघडलं; ते करकरलेलं ऐकू आलं, मग पक्षी, मग दोरीवरून ओले कपडे ओढल्याचा आवाज. ती रडतही होती आणि चादरीला वास येतोय म्हणून कुरकुरतही होती. नोहेआने तिला सांगितलं की पुन्हा धुवा आणि पुन्हा तिथेच घाला. कॉल सात मिनिटांत संपवायचा असतो. हा बावीस मिनिटं चालला.

असा कॉल मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. ज्या कामासाठी ती हेल्पलाइन होती ते काम त्या हिवाळ्यात माझ्यासमोर एकदाच झालं.

पण तो ऐकताना माझे कान गरम झाले होते. मला काय वाटलं ते स्पष्ट लिहायचं तर लाज वाटली. हेडसेटमध्ये, कंपनीच्या फॉर्मसमोर तो आवाज ऐकणं म्हणजे शाळेच्या गेटबाहेर बसवलेली आई उठून, पाण्याची बाटली घेऊन प्रिन्सिपलच्या खोलीत आली आहे आणि बोलायला लागली आहे. कुणीतरी तिला थांबवायला हवं होतं. शिवाय आमचेही मार्क तपासले जायचे. एकच कॉल दोघा तपासणाऱ्यांना देत, आणि एकाने सढळ हाताने मार्क दिले तर त्याला विचारणा होई. आम्ही एकत्र राहतो हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागतं. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि एकही पुरेसं नाही.

भाषा व्यावसायिक होती का? नाही. ठरलेली वाक्यं वापरली का? नाही. शेऱ्याच्या चौकोनात मी एक वाक्य लिहिलं, त्यातला स्वल्पविराम दोनदा तपासला आणि फॉर्म पाठवून दिला. मग स्वयंपाकघरात गेले. ती तिथेच होती. तिने मला विचारलं, "यू वेन ईट?" मी म्हटलं, येस, थँक यू.

चार दिवसांनी दुपारी भिंतीपलीकडे ट्रेसीचा आवाज आला. नोहेआचा हेडसेट चार्जिंगला होता, त्यामुळे लॅपटॉपमधून सगळं ऐकू येत होतं. ट्रेसी वाईट बाई नव्हती. तिने आधी हवापाण्याचं विचारलं, लव्ह म्हणून हाक मारली, नो वरीज म्हणाली. तू मनाने चांगलं केलंस, हे मला कळतंय, असंही म्हणाली. मग म्हणाली की क्वालिटीचा शेरा मात्र वाचून दाखवावा लागतो, आणि तिने तो तिच्या ऑस्ट्रेलियन उच्चारात, एकेक शब्द सुटा करून वाचला.

"काइंडली एन्शुअर दॅट द एजंट रिफ्रेन्स फ्रॉम ब्रोकन इंग्लिश."

शेऱ्याखाली नाव नसतं. नावाची गरज नव्हती. पहिला शब्द पुरेसा होता. मला वाटत होतं की माझ्या इंग्लिशला कुठल्याच गावाचा वास नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत ती स्वयंपाकघरात आली. मी केटलपाशी उभी होते. तिने मला गुड आफ्टरनून म्हटलं. तुला केटल लागणार आहे का, असं विचारलं. वाक्य पूर्ण, व्याकरण चोख, शेवट जरासा वर उचललेला. मी हात टेबलावर ठेवला आणि तिचं नाव घेतलं. पुढे काही आलं नाही. ती थांबली. ग्राहक गप्प झाला की किती थांबायचं तेही आम्हाला शिकवलेलं असतं, आणि ती बरोबर तेवढंच थांबली. मग नोरा म्हणाली, "इज देअर एनिथिंग एल्स आय कॅन हेल्प यू विथ टुडे?"

प्रत्येक कॉल या वाक्याने संपवायचा असतो. फॉर्ममध्ये त्याला वेगळी ओळ आहे.

त्यानंतरचे सहा आठवडे ती माझ्याशी त्याच आवाजात बोलली. भांडली नाही. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या, कारण त्या तिच्या भाषेत असत्या. ती कप विसळून ठेवायची. खिडकी बंद करायची. हीटर माझ्या दाराशी आणून ठेवायची आणि दोनदा टकटक करायची. आजीशी फोनवर बोलायला ती बाल्कनीत जायची, थंडीत, मागे काचेचं दार ओढून घेऊन. काचेतून मला तिचे ओठ हलताना दिसायचे. आमच्या भिंती इतक्या पातळ होत्या, पण ते दार चांगलं होतं. काही ऐकू यायचं नाही.

मी माफीचा मेसेज पाच वेळा लिहिला. प्रत्येक वेळी तो अर्जासारखा दिसायला लागला. सॉरी हा शब्दसुद्धा माझ्या हातून आला की त्याच्यामागे फॉर द इन्कन्व्हिनियन्स यायचं. मला आणखी कुठल्या भाषेत तो लिहिता आला असता? पुण्याच्या मराठीत? तिला ती येत नव्हती, आणि मलाही ती रडण्यासाठी कधी लागली नव्हती. ज्या भाषेत मला लहानपणी जवळ घेतलं गेलं, ती मी दहाव्या वर्षी चार मैत्रिणींना हसवायला खर्च केली होती. पाचवा मेसेज पुसला आणि कामाला लागले. तेव्हाही मी कॉल ऐकत होते, हो आणि नाही भरत होते. काम मी नीट करायचे.

तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. ट्रेसी म्हणाली की फोन कमी होत चालले आहेत, वरूनच माणसं कमी करायला सांगितलंय. त्या फॉर्ममुळे असं कुणी म्हणालं नाही. त्या फॉर्ममुळे नाही, असंही कुणी म्हणालं नाही. ऑक्टोबरात लॉकडाऊन उठलं, दुकानांबाहेर रांगा लागल्या, लोक केस कापायला धावले, आणि एका सकाळी मी लशीचा दुसरा डोस घेऊन परत आले तर तिची खोली रिकामी होती. गादी उभी करून ठेवलेली, जमीन पुसलेली. फ्रिजवर चिठ्ठी होती. काइंडली फाइंड द कीज इन द टॉप ड्रॉवर. थँक यू फॉर युअर कोऑपरेशन.

मी त्या चिठ्ठीत चूक शोधली. सवयीने. एकही नव्हती.

वॉटल तेव्हा झडून गेलं होतं. फुटपाथवर तपकिरी भुसा पडला होता. त्या म्हातारीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. तिची चादर वाळली असेल. मी अजून कधी कधी तो कॉल मनात लावते आणि फक्त तो दाराच्या करकरण्यापासूनचा भाग ऐकते. तिने जे दार उघडलं, ते उघडायला किती थोडं लागलं होतं. कॅन. बस, एवढंच.

आता मी वेंटवर्थव्हिलला राहते, एका घराच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत. मागे अंगण आहे, आणि अंगणात इथे घरोघरी असते तशी छत्रीसारखी गोल फिरणारी कपड्यांची दोरी. आई तीन महिन्यांसाठी आली आहे. बाबांनी इतका लांबचा प्रवास नको म्हटलं. ती बाजारात जाऊन दुकानदाराशी इंग्लिशमध्ये बोलते, पिशवी नको म्हणते, थँक यू म्हणते, आणि घरी येऊन मला सांगते की त्याला सगळं कळलं. मी म्हणते, छान. आम्ही दोघी फार सांभाळून वागतो. तिने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही, आणि मला तिला काय द्यायचं आहे ते तिला सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

काल दुपारी मी लॅपटॉप बंद करून स्वयंपाकघरात आले तर मागचं लाकडी दार उघडं होतं, फक्त जाळीचं दार लागलेलं. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. फोन खांद्याने कानाशी दाबलेला, तोंडात चिमटा. धुळ्याच्या मावशीशी बोलत होती. अहिराणीत. मी तो आवाज ओळखलाच नाही आधी. मला वाटलं, शेजारी कुणी आलंय. तो आवाज आईपेक्षा मोठा होता, जाड होता, त्याला घाई नव्हती, आणि तो चिमटा तोंडात ठेवूनसुद्धा हसत होता. ती मावशीला इथल्या थंडीचं सांगत होती, दोरी कशी गोल फिरते ते सांगत होती, माझ्याबद्दल काहीतरी सांगत होती जे मला नीट कळलं नाही. मला ती भाषा अर्धीच कळते. फुटपाथवरच्या झाडाची पिवळी पूड वाऱ्याने ओल्या कपड्यांवर बसत होती आणि आई ती झटकत बोलत होती.

मी जाळीपाशी उभी राहिले. दार उघडलं की हे थांबेल, हे मला माहीत होतं. नोहेआची बाल्कनी आठवली. मग मला वाटलं, एवढं तरी करून बघावं. या वेळी तरी अर्ज नको, चिठ्ठी नको. मी मनात दोनदा म्हणून बघितलं, मग जाळीचं दार ढकललं, पायरीवर गेले आणि म्हटलं, "काय करी राह्यनी वं माय?"

माझे उच्चार चुकीचे होते. मलाच ऐकू आलं. त्या वाक्याचा एकच सूर मला येत होता, तो वाढदिवसाच्या दिवसाचा. दुसरा कुठला मी कधी शिकलेच नव्हते.

आई वळली. हातात माझा ओला टॉप. ती हसली. आधी तोंड हसलं, मग डोळे इकडेतिकडे गेले, दोरीवर, चिमट्यांच्या डब्यावर, कुंपणावर. फोनमध्ये तिने हळूच काहीतरी म्हटलं आणि तो बंद केला.

"झालंच हं माझं," ती म्हणाली, न आणि ण सांभाळून म्हणावं तसं. "तुला चहा ठेवू का?"